बँकेने कापलेला दंड परत मागताना

चाकणची नोकरी सुटली आणि पगार थांबल्यावर यांचं पगाराचं खातं बँकेने साधं बचत खातं करून टाकलं. मग किमान शिल्लक नाही म्हणून तीन महिने दरमहा ५०० रुपये दंड, वर १८ टक्के जीएसटी. हडपसरला आमचा महिनाभराचा भाजीपाला निघाला असता त्यात.

आधी पासबुक भरून घ्या आणि दंडाच्या प्रत्येक नोंदीखाली रेघ मारा. मग मोबाईलमधले बँकेचे मेसेज तपासा. हे सगळ्यात महत्त्वाचं! १ एप्रिल २०१५ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: शिल्लक कमी झाली की बँकेने आधी कळवायचं, किमान एक महिना मुदत द्यायची, आणि मगच दंड लावायचा. तोही जेवढी तूट असेल त्या प्रमाणात. निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. आम्हाला पहिल्या दोन महिन्यांत एकही मेसेज नव्हता.

अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. नोकरी गेल्याचं पत्र जोडा. अडचण सांगण्यात लाज कसली? त्याच अर्जात खातं 'बेसिक' करून मागा, त्यात किमान शिल्लक लागत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही. माहितीसाठी १४४४८.

आम्हाला त्या दोन महिन्यांचे ११८० रुपये परत मिळाले.