चबसाठी हलके वजन

इंग्लंडमध्ये सेव्हर्नला मिळणाऱ्या टीम नदीवर, ऐन जानेवारीत, चब मासा माझ्या पावाला नुसता हिसका देऊन सोडून देत असे. दोष आमिषात नसून दोरीवरच्या जड वजनात होता. ओढ जाणवताच हा सावध मासा घास टाकतो. म्हणून मुख्य दोरीला जोडलेल्या आखूड फाट्यावर, प्रवाहात जेमतेम टिकतील इतकेच, म्हणजे एसएसजी आकाराचे दोन छर्रे (दोरीवर चिमटायची चिरेची छोटी वजने) चिमटले आणि गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकला. आता मासा आमिष उचलतो, छर्रे जागा सोडतात आणि ताणलेल्या दोरीने वाकलेले काठीचे टोक एकदम सरळ होते. ६ नंबरच्या गळाच्या दांड्याभोवतीच ताज्या पावाचा गर दाबावा, कडा मोकळ्या ठेवाव्यात. पूर्ण गोळा वळला तर त्याची कणीक होते (हे मला फार उशिरा उमगले). पाणी गढूळ असल्यास मात्र उग्र वासाच्या चीजचा गोळाच बरा.