दोर जोडायला शिकताय? गाठ कुठे आणि सांधा कुठे

सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या बोटांत जोडणीची पहिली गाठ आधीपासूनच असते. ताण्याचा धागा तुटला की तो विणकरी गाठ मारतो. ती लहान आणि चपटी असल्यामुळे फणीतून न अडकता सरकते. जहाजावर हिलाच 'शीट बेंड' म्हणतात. शिकायची सुरुवात हिच्यापासूनच करा.

जाड दोराचे टोक दुमडून धरा. बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांना मागून वळसा द्या आणि दुमडीच्या वरून, पण स्वतःच्याच अंगाखालून, बाहेर ओढा. दोन्ही मोकळी टोके एकाच बाजूला यायला हवीत. नायलॉन गुळगुळीत असतो, त्याला दोन वळसे घ्या. शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेले मोकळे टोक, जाडीच्या किमान दहापट, म्हणजे १२ मिमी दोराला १२ सेंमी ठेवा. दुमड बारीक दोराची केली तर ताठ जाड दोर वळत नाही आणि गाठ ढिली पडते.

पोत्याचे तोंड बांधायला चौकोनी गाठ, म्हणजे एकावर एक उलटसुलट मारलेल्या दोन साध्या गाठी, उत्तम. तिने दोन दोर मात्र कधीही जोडू नका. एका टोकाला झटका बसला की ती उलटते आणि घसरून सुटते.

गाठीत दोर एकदम वळतो, बाहेरच्या तंतूंवर जास्त ताण येतो आणि ताकद साधारण निम्म्यावर उतरते. सांधा म्हणजे दोराचे पदर उलगडून एकमेकांत गुंफलेली जोडणी. नीट गुंफलेला सांधा ८५ ते ९५ टक्के ताकद राखतो. पुन्हा सोडायचे असेल तर गाठ, कायमचे जोडायचे असेल तर सांधा.

सांधा शिकायला १६ मिमीचा तीनपदरी दोर घ्या. दोन्ही टोके ३० ते ३५ सेंमी उलगडा, त्यापुढे सुतळीने घट्ट बांधा आणि प्रत्येक पदराच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. आता दोन्ही टोके समोरासमोर आणून एकाचा पदर दुसऱ्याच्या दोन पदरांमध्ये, असे सहाही पदर एकमेकांत बसवा. इथे फट राहू देऊ नका. बहुतेक सांधे इथेच बिघडतात, कारण फट राहिली की सगळा भार एखाद्याच पदरावर येतो.

मग एका बाजूची सुतळी सोडा. पिळाच्या विरुद्ध दिशेने प्रत्येक पदर शेजारच्या एका पदरावरून आणि त्यापुढच्या पदराखालून काढा. वाट करायला गुळगुळीत लाकडी खुंटी वापरा, स्क्रूड्रायव्हरने तंतू तुटतात. तीनही पदर एकदा गेले की एक फेरी झाली. प्रत्येक फटीतून एकच पदर बाहेर आला पाहिजे, दोन दिसले तर फेरी उसवा. गुंफताना पदराचा स्वतःचा पीळ सुटू देऊ नका, नाहीतर तो चपटा होऊन पकड सोडतो. घायपात, काथ्या किंवा सुताला प्रत्येक बाजूला तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन निसरडे असतात, त्यांना पाच हव्यात.

हा झाला आखूड सांधा. तो दोराहून बराच जाड होतो, त्यामुळे विहिरीच्या रहाटाच्या खाचेत अडकतो. तिथे लांब सांधा लागतो. त्यात पदर एकेक करून दूरदूर बदलतात आणि जाडी जवळजवळ तेवढीच राहते. ताकद थोडी कमी मिळते. आधी आखूड सांध्यावर हात बसू द्या.

नायलॉनला पॉलिप्रॉपिलीन जोडू नका. नायलॉन जास्त ताणतो आणि भार सारखा वाटला जात नाही. सोलापूरच्या उन्हात महिनोन्‌महिने पडलेला पॉलिप्रॉपिलीनचा दोर हातात चोळून बघा. भुगा पडला तर तो जोडण्याच्या लायकीचा नाही. नवा सांधा आधी थोड्या भाराने ताणा, पदर सरकले नाहीत ना ते पाहा, आणि मगच शेपट्या कापा. कापताना दोराच्या जाडीइतके टोक बाहेर ठेवा.