गाडी चालवायला घेताय? आधी या चुका टाळा

धुळ्यात पारोळा चौफुलीजवळ बसून मी ट्रक ड्रायव्हर आणि एक-दोन गाड्यांच्या मालकांचे फेरीचे हिशोब लिहून देतो. त्याआधी बरीच वर्षं स्वतः स्टेअरिंगवर होतो. दर हंगामात नवे चेहरे येतात, चुका मात्र जुन्याच असतात. पगारी ड्रायव्हर कंटाळतो, मालकाच्या हातात पडणारं भाडं त्याला रोज दिसत असतं, आणि मग "आपणच एखादी गाडी चालवायला घेऊ" हे डोक्यात बसतं, म्हणजे मालकाचीच गाडी महिन्याच्या भाड्याने किंवा तिचे हप्ते भरून चालवायची. गाडी घ्यायला माझा विरोध नाही. पण घाई करून घेतलेल्या गाडीने घरं बसलेली मी पाहिली आहेत.

आपला पगार कसा ठरलाय हेच माहीत नसणं

आपल्याकडे कुणी महिन्याच्या पगारावर आणि रोजच्या भत्त्यावर असतो, कुणी फेरीवर, कुणी किलोमीटरवर, तर कुणाला भाड्यात टक्का मिळतो. आणि ठोक खर्ची असतेच. मालक एकरकमी पैसे देतो, डिझेल, टोल, जेवण त्यातच भागवायचं, उरेल ते ड्रायव्हरचं. गाडी सुरळीत गेली तर खर्चीत दोन पैसे जास्त सुटतात. पण बिजासन घाटात जाम लागला आणि पूर्ण दिवस तिथेच गेला, की जेवणाचा आणि डिझेलचा जास्तीचा खर्च आपल्याच खिशातून. म्हणून खर्चीवर जाणाऱ्याला मी एकच गोष्ट विचारतो: थांबलेल्या दिवसाचे वेगळे पैसे ठरलेत का? बहुतेकांचे ठरलेले नसतात.

किलोमीटरवर जाणाऱ्यांनी कुठले किलोमीटर धरणार ते आधीच बोलून घ्यावं. चाळीसगावचा औट्रम घाट २०२३ पासून जड वाहनांना बंद आहे. संभाजीनगरला जाणारी गाडी नांदगावकडून फिरून जाते, आणि काही मालक अजून कन्नडमार्गेच, म्हणजे घाटाच्या जुन्या रस्त्यानेच, अंतर मोजतात. मी मीटरचा फोटो काढायला लावतो, निघताना एक आणि पोचल्यावर एक. भांडण तिथेच मिटतं.

उचल घेऊ नका. घ्यावीच लागली तर वहीत तारखेसह लिहून मालकाची सही घ्या. टायर फुटला, माल कमी भरला, पावती फाडली, सगळं उचलीतच मिळवायची काही मालकांना सवय असते, आणि मग ती उचल कधीच फिटत नाही. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, असा कायदा आहे. हे ड्रायव्हरला माहीत नसतं आणि मालक सांगत नाही.

भाड्यालाच कमाई समजणं

समजा सावद्याहून केळी भरून ११०० किलोमीटरचा पल्ला आहे. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असं धरलं तर जाताना २७५ लिटर. येताना हलकी आली आणि ५ चा अ‍ॅव्हरेज पडला तर २२०. डिझेल ९० रुपयांनी धरलं तरी जाऊन-येऊन ४४,५५० रुपये नुसत्या टाकीत गेले. टोल, खर्ची, दलालाचं कमिशन, हमाली त्यावर. केळीला उशीर झाला की व्यापारी भाड्यातून कापतो, ते आणखी वेगळं. भाड्याचा मोठा हिस्सा भरताना मिळतो, पण बाकी रक्कम पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली पावती, परत आल्याशिवाय सुटत नाही, आणि हप्त्याची तारीख पोचेसाठी थांबत नाही.

त्यात टायरचा खर्च आपल्याकडे असेल तर सांभाळून. दहा चाकी गाडीच्या टायरची एक जोडी चाळीस हजारांच्या वर जाते. महिन्याच्या भाड्याने गाडी देणारा मालक "किरकोळ मेंटेनन्स तुमचा" म्हणतो, तेव्हा क्लच, गिअर आणि टायर किरकोळात येतात का ते लिहून घ्या.

माझी सवय अशी: महिन्याचे २० दिवसच गाडी चालेल असं धरायचं. उरलेले भरायच्या रांगेत, खाली करायच्या रांगेत आणि गॅरेजात जातात. जिनिंगचा हंगाम संपला की कापसाच्या गाठींचं काम आटतं, पावसाळ्यात तर आणखी. २० दिवसांत हप्ता, डिझेल आणि घरखर्च बसत नसेल तर ती गाडी घेऊ नका. "मी रात्रंदिवस चालवीन" हे उत्तर मला ऐकायचंच नसतं. झोप मोडून हप्ता फेडायला निघालेला माणूस शेवटी घाटात गाडी घालतो.

दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीचे हप्ते भरणं

ही चूक सगळ्यात महाग, म्हणून सविस्तर सांगतो.

अमळनेर तालुक्यातला एक पोरगा, निर्व्यसनी, गाडीला जीव लावणारा. ओळखीच्या मालकाने त्याला दहा चाकी गाडी दिली. "गाडी तुनीच शे भाऊ, फक्त हप्ता दे." कर्ज फिटलं की नाव बदलून देतो असं ठरलं. पोराने बायकोचे दागिने गहाण टाकून सुरुवातीची रक्कम दिली, आणि दर महिन्याला मालकाच्या हातात रोख हप्ता देत राहिला. पुढचे टायर नवे टाकले, केबिनला रंग दिला.

मालकाने त्या पैशाने आपलीच दुसरी देणी भागवली. फायनान्सकडे हप्ते थकले. एक दिवस गुजरातकडे निघालेली गाठींनी भरलेली गाडी साक्रीच्या पुढे वसुलीवाल्यांनी अडवली. पोराचा मला फोन आला, "नाना, मी तर सगळे हप्ते भरलेत." कुठे भरले, तर मालकाकडे. पावती? नाही. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, मालकाच्या नावावर, विमा मालकाच्या नावावर, कर्ज मालकाच्या नावावर. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. व्यापाऱ्याचा माल अडकला होता, म्हणून दुसरी गाडी बोलवून पोरानेच स्वतःच्या खर्चाने गाठी तिच्यात भरल्या. मग ताडपत्री, दोर आणि स्टोव्ह उतरवून घेतला. नवे टायर गाडीबरोबर गेले. दागिने अजून सुटलेले नाहीत.

असं कुणी माझ्याकडे आलं की मी सहीच्या आधी तीन गोष्टी करून घेतो. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून आरसीवर कुणाच्या कर्जाचा बोजा आहे, फिटनेस, विमा, परमिट कधीपर्यंत आहे ते पाहायचं, आणि ई-चलनं किती थकलीत तेही. दुसरं, मालकाला घेऊन फायनान्सच्या शाखेत जायचं, कर्जाचं ताजं स्टेटमेंट काढायचं आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्यायला त्यांची लेखी संमती मागायची. मालक शाखेत यायला कचरला तर व्यवहार तिथेच सोडा. तिसरं, हप्ता थेट कर्जखात्यात भरायचा, मालकाच्या हातात एक रुपया नाही. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केली म्हणजे झालं, असं बरेच धरून चालतात. तो कागद तुमच्या दोघांतला. फायनान्स कंपनी त्याने बांधली जात नाही.

मालकांनीही ऐकावं. नुसत्या स्टँपवर गाडी विकून आरसी आपल्याच नावावर ठेवली तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

छोट्या पण रोजच्या चुका

ओव्हरलोड भरू नका. दंड २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००. जास्तीचं भाडं मालकाचं आणि चालवणारा तुम्ही, असला सौदा कशाला करायचा?

ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत पाहूनच निघा. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच फोन करा, ढाब्यावर जेवून मग नको.

बिल्टीची (माल भरल्याच्या ट्रान्सपोर्टच्या पावतीची) आणि पोचेची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. मोबाइल हरवतो.

आधीच अडकला असाल तर

रोख देणं आजच थांबवा. मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या शब्दांत लिहा: आतापर्यंत अमुक रक्कम दिली, पुढचा हप्ता थेट कर्जखात्यात भरतो, खाते क्रमांक द्या. त्याने उत्तर दिलं तर ते जपून ठेवा, टाळलं तरी मेसेज पुसू नका. आठवड्यात स्टेटमेंट दाखवलं नाही तर नवा माल भरू नका. गाडी रिकामी असतानाच परत करा, मीटर आणि टायरचे फोटो काढा, आणि गाडी ताब्यात मिळाल्याची मालकाची सही दोन साक्षीदारांसमोर घ्या.