आधी सीटबेल्ट ओढून बघा

माझ्या भाच्याला बाविसाव्या वर्षी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ही जोरदार हॅचबॅक जुनी घ्यायची होती. ताईचं म्हणणं, आधी दोन वर्षं साधी गाडी चालव. मी भाच्याची बाजू घेतली, कारण चोविसाव्या वर्षी मीही जुनी, १६०० सीसीची सेदान घेतली होती. पण त्याला एक अट घातली: पहिल्याच आवडलेल्या गाडीवर टोकन द्यायचं नाही. आम्ही सहा गाड्या पाहिल्या, पाच सोडल्या. कशा तपासल्या ते लिहिते.

बडोद्यात जुनी गाडी बघायला गेलात तर इंजिनाचं नंतर विचारा. आधी विचारा, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ही गाडी कुठे उभी होती? विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली, तेव्हा अकोटा, फतेहगंज, समा भागांत पाणी भरलं होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून, नवी सीटकव्हरं चढवून विकायला काढता येते. ती आज छान चालते. सहा महिन्यांनी कधी पॉवर विंडो बंद पडते, कधी एअरबॅगचा दिवा लागतो, आणि वायरिंगचा दोष शोधता शोधता इलेक्ट्रिशियनही थकतो.

हरणी रोडला एक पांढरी पोलो पाहिली. "गाडी एकदम चोख्खी छे, बेन," विकणारे काका म्हणाले. आत अत्तराचा घमघमाट होता. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट संपेपर्यंत ओढत नेला. वरचा पट्टा काळाभोर, पण रिळावरची शेवटची वीतभर मातकट. बोट फिरवलं तर बारीक रेती लागली. गाडी धुणारा सगळं धुतो, पट्टा पूर्ण बाहेर काढून कोणी धूत नाही. मग डिकीतली स्टेपनी उचलली, खालच्या खळग्यात गंज. सीटच्या रुळांवरही गंज. भाचा गप्प झाला. आम्ही काकांना नमस्कार करून निघालो.

एवढ्यावर थांबू नका, मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. दावा न केल्याची सवलत, म्हणजे एनसीबी, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. मालक तोच असून ती २०२४ नंतर एकदम शून्यावर आली असेल, तर दावा झालेला असण्याची शक्यता मोठी. तो कशाचा होता, हे कागदावर बघा.

आता इंजिन. मालकाला फोनवरच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर तुम्हाला बघता येणार नाही. दुसऱ्या दिवशी या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, दाट धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. चावी फिरवल्यावर चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि गाडी सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. मुळात लागलेच नाहीत, तर कोणीतरी ते मुद्दाम बंद केले असण्याची शक्यता मोठी.

जोरदार गाडीला आधीचा मालकही बहुधा वेगाचा शौकीन असतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कापून खाली बसवलेल्या स्प्रिंगा, रीमॅप केलेला ईसीयू, म्हणजे ताकद वाढवायला बदललेला इंजिनाचा कॉम्प्युटर, असं काही दिसलं की मी परत फिरते. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार तारखांचे असतील किंवा आतली कड जास्त झिजली असेल, तर अलाइनमेंट आणि सस्पेन्शन मेकॅनिककडून तपासून घ्या. ८० वरून ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं, तर डिस्क बघायला सांगा.

जीटी टीएसआयच्या १.२ लिटर टर्बो इंजिनाला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे कोरड्या दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. तो मोकळ्या रस्त्यावर सुरेख चालतो, म्हणून चाचणी तिथे घेऊच नका. संध्याकाळी रावपुऱ्याच्या गर्दीत अर्धा तास रांगत चालवा. गिअरबॉक्स तापल्यावर पहिल्या-दुसऱ्यात झटके बसत असतील तर सोडून द्या. मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं त्याचं कंट्रोल युनिट, गेलं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

माझ्या त्या सेदानचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, हालोल रोडवर तुटला होता. "बदललाय," असं आधीचे मालक म्हणाले होते, बिल नव्हतं. व्हॉल्व्ह वाकले, हेड उघडावं लागलं, तीन महिन्यांचा पगार गेला. तेव्हापासून बिल नसलेलं काम झालेलंच नाही असं धरून मी किंमत पाडते. पाच लाख जमवले असतील तर चारचीच गाडी बघा. उरलेले पैसे टायर, ब्रेक, बेल्ट, ऑइल आणि विम्यात जातात.

विम्यावरून आठवलं, सीसी बघा. २०२२ च्या दरांनुसार वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्याच्या वर ७,८९७. पोलो ११९७ सीसीची, म्हणजे खालच्या गटात. जुन्या गाडीला झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, सहसा मिळत नाही, हे आधीच विचारून घ्या.

कागदांचं थोडक्यात: मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, परिवहनच्या साइटवर थकलेली ई-चलानं. पुण्याच्या चुलतभावाची एमएच-१२ स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या.

सहावी गाडी कारेलीबागेतल्या एका निवृत्त गृहस्थांची होती, बिलांची फाइल जाडजूड. ती घेतली. जीटी टीएसआयला ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा आहे, हेही माझ्या होकाराचं मोठं कारण. पण एक्स्प्रेसवेवर जाऊ देण्याआधी मी भाच्याला रविवारी पहाटे मोकळ्या मैदानात नेलं. चाळीसवर आणायची, मग जीव खाऊन ब्रेक. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, लागलं की पेडल पायाखाली थडथडतं, आणि नवखी मुलं दचकून पाय उचलतात. उचलायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवून अडथळा टाळायचा. पंधरा वेळा करून घेतलं. मग ताईला शेजारी बसवून पुन्हा पाच वेळा.