शेळ्या सोडण्याआधी माळ कसा बघावा

माझ्याकडे बारा उस्मानाबादी शेळ्या आणि सात मेंढ्या. गाव माण तालुक्यात, म्हणजे चारा म्हणजे माळच. दावी सोडण्याआधी मी एकटी माळावर चक्कर मारते.

पवन्या किंवा मारवेल गवताचं एखादं बुडखं मुठीत धरून वाकवा. पाला भरपूर, काडी लवचिक, तर खुशाल चारा. काडी कटकन मोडली आणि तुरा पिकलेला असला, तर त्यानं पोट भरेल, अंग भरणार नाही. फुलोऱ्याआधी सात-आठ टक्के प्रथिनं असलेल्या गवतात वाळल्यावर दोन-तीनच उरतात. सातच्या खाली गेलं की जनावराच्या पोटातले जिवाणू उपाशी राहतात, चारा पचत नाही, मग ते खाणंच कमी करतं. आपण म्हणतो, नखरे करतंय!

कुसळी गवतानं बी धरलं की तिकडे फिरकूच नका. कुसळं लोकरीतून कातडीत रुततात, डोळ्यात जातात. गेल्या दिवाळीनंतर एका मेंढीच्या ओठातून मी चिमट्यानं नऊ काढली. ती दोन दिवस पाण्याला तोंड लावत नव्हती.

सकाळी वाडगं, म्हणजे शेळ्यांचा गोठा, झाडताना लेंड्यांकडेही लक्ष द्या. बारीक, खडखडीत, सुकलेल्या लेंड्या पडू लागल्या की समजायचं, माळ संपला, आता पाला आणा. मेंढी जमिनीलगत खाते, शेळीला झुडूप हवं. बोर, हिवर, शेवरी चालतात. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिनं भरपूर, वाळवलेल्यात वीस टक्क्यांच्या पुढे. पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, त्यातल्या मिमोसीन नावाच्या विषारी घटकानं केस गळतात. घाणेरीला मात्र तोंड लावू देऊ नका.

पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर उपाशीपोटी सोडायचं नाही. आधी थोडा कडबा, मग तासभर चरणं, रोज थोडं वाढवत. अशा चाऱ्यावर आंत्रविषार हा आतड्याचा रोग होतो, त्याची लस मेमध्येच उरका. एका वर्षी मी आळस केला आणि दोन गुबगुबीत करडं रातोरात गेली.

उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवा. द्यायच्या आधी मुसळानं ठेचा. न ठेचता दिल्या तर कठीण बिया लेंडीतून जशाच्या तशा बाहेर पडतात. आमच्या वाडग्यामागे बाभळीची रांगच उगवलीय.