कडाक्याच्या थंडीत सौर कारची चाचणी

गाडी बर्फावर नेण्याआधी पॅनलच्या व्होल्टेजचा हिशोब करा. सिलिकॉन पॅनलचं व्होल्टेज थंडीत वाढतं, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. २५ अंश सेल्सिअसला ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काहीही जोडलेलं नसतानाचं) १०० असेल तर उणे ४० ला ते १२० च्या आसपास जातं. एमपीपीटीची (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणाऱ्या कंट्रोलरची) इनपुट मर्यादा ११० असेल तर पहिल्याच लख्ख उन्हात तो जळू शकतो. म्हणून सिरीजमधले सेल आधीच कमी करा.

सगळ्यात जास्त जपायची ती बॅटरी. लिथियम-आयन सेल शून्याखाली चार्ज केला की लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. हे नुकसान भरून येत नाही आणि पुढे सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. सौर कारमध्ये चार्जिंगसाठी कुणी बटण दाबत नाही. उभ्या गाडीवर ऊन पडलं तरी ते सुरू होतं, उतारावर रीजेन ब्रेकिंगनेही (ब्रेक लावताना मोटरच वीज तयार करते त्याने) होतं. तेव्हा सर्वांत थंड सेल ५ अंशांखाली असेल तर दोन्ही बंद राहतील असं बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) सेट करा. सेन्सर पॅकच्या कोपऱ्यातल्या सेललाही चिकटवा. मधले सेल उबदार दिसतात तेव्हा कडेचे गारठलेले असतात.

आता गाडी रात्रभर, किमान १२ तास, उघड्यावर ठेवा. सकाळी हीटर लावण्याआधी पॅकचं व्होल्टेज लिहा, मग २० अँपिअर लोड देऊन १० सेकंदांनी पुन्हा लिहा. फरकाला २० ने भागलं की अंतर्गत रोध मिळतो. ५ अंश, शून्य, उणे १०, उणे २० असं प्रत्येक तापमानाला हे करा. चार्ज शिल्लक असूनही गाडी अचानक बंद पडते ती याच रोधामुळे: लोडखाली व्होल्टेज कटऑफच्या (ज्या व्होल्टेजला बीएमएस बॅटरी बंद करतो त्याच्या) खाली जातं.

टायरमधली हवा गाडी गारठल्यावरच तपासा; दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय उतरतो. चालकाचा श्वास कॅनॉपीच्या (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या) आतल्या बाजूला गोठतो, म्हणून बाहेरची कोरडी हवा ओढणारा छोटा पंखा हवाच. पॅनलवरचा बर्फ मऊ ब्रशने काढा, खरवडू नका. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना आडव्या पॅनलला थेट उन्हाचा जेमतेम १७ टक्के भाग मिळतो. थांबल्यावर पॅनल उभं करून सूर्याकडे वळवा. समोरच्या बर्फाचा परावर्तित प्रकाशही मिळतो.

चाचणी संपल्यावर गाडी थेट उबदार गॅरेजमध्ये घेऊ नका. गार सर्किट बोर्डांवर दव धरतं. आधी बाहेरच प्लास्टिकने घट्ट झाका, मग आत घ्या आणि सगळे भाग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आवरण काढू नका.