ड्युरियन घेताना: आधी उघडायला लावा, मग पैसे द्या

सिंगापूरला आलेले पाहुणे ड्युरियनच्या ठेल्यासमोर उभे राहिले की हमखास म्हणतात, "अरे, हा तर फणस!" काटे आहेत, आत गरे आहेत, वास चार घरं ओलांडून येतो, तेव्हा असं वाटणारच. पण फणस वडा-उंबराच्या कुळातला, आणि ड्युरियन कापूस, भेंडी, काटेसावर यांच्या कुळातला. त्याला चीक नसतो, त्यामुळे हाताला खोबरेल चोपडायला नको. काटे मात्र खरोखरचे काटे आहेत. मलय भाषेत 'दुरी' म्हणजे काटा, फळाचं नाव त्यावरूनच पडलं. तेव्हा फणस निवडायची घरची विद्या इथे अर्धीच कामाला येते.

आधी विचारा: फळ कुठलं?

मलेशियात ड्युरियन झाडावरून काढत नाहीत. ते पिकून आपोआप गळतं आणि खाली बांधलेल्या जाळीत पडतं. पहाटे वेचलेलं फळ दुपारनंतर सिंगापूरच्या ठेल्यांवर येतं. ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खायचं. थायलंडमध्ये फळ तयार झालं की झाडावरून कापतात आणि ते पुढे काही दिवसांत पिकतं, म्हणून दूरवर पाठवता येतं. तिकडची 'मोनथोंग' ही जात आकाराने मोठी, जाड गराची, गोड आणि वासाला सौम्य असते. आज खायचं असेल तर मलेशियाचं घ्या. दोन-तीन दिवसांनी घरी पाहुणे यायचे असतील तर थाई बरं.

मलेशियाचा मुख्य हंगाम साधारण जून ते ऑगस्ट. वर्षअखेरीस दुसरा छोटा बहर येतो. हंगामाबाहेर भाव चढतात आणि निवडीला वाव राहत नाही.

जात: पाटीवर विसंबू नका

सगळ्यात बोलबाला 'मुसांग किंग'चा. सरकारी नोंदीत ही जात डी१९७. सिंगापूरच्या पाट्यांवर ती 'माओ शान वांग' म्हणून दिसते. मुसांग म्हणजे उदमांजर. ओळखायची खूण फळाच्या बुडाशी असते: शिवणी एकत्र येतात तिथे पाच टोकांची तपकिरी चांदणी दिसते. देठाभोवती काटे नसलेली थोडी जागाही असते. गर हळदीसारखा पिवळाधमक, चव गोड आणि शेवटी किंचित कडसर. 'डी२४'चा गर फिकट, सायीच्या रंगाचा, आणि भाव बराच कमी. 'ब्लॅक थॉर्न' गोल, बुडाशी खळगा असलेला. त्याचा गर केशरीकडे झुकतो.

पहिल्यांदा खाणाऱ्याने डी२४ घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आवडला नाही तर खिशाला फार चटका बसत नाही. विक्रेता "गोड की कडू?" असं विचारेल. दचकू नका. इथले जुने खवय्ये कडसर फळ मुद्दाम मागून घेतात. नवख्याने गोडच मागावं.

हात, कान, नाक

देठापासून सुरुवात करा. तो ताजा, जरा ओलसर हवा. वाळून काळा पडला असेल तर फळ जुनं. सालीला बारीक भोक दिसलं तर आत अळी असण्याची शक्यता मोठी. बूड आधीच फाटलेलं असेल तर ते फळ बाजूला ठेवा, आतला गर आंबू लागलेला असू शकतो.

मग फळ कानाजवळ धरून हलकेच हलवा (हातमोजा मागा, देतात). पिकलेल्या फळात गरे सालीपासून सुटतात आणि आत किंचित हालचाल जाणवते. काहीच हललं नाही तर कच्चं. खुळखुळ्यासारखं वाजलं तर गर सुकलेला. थाई फळाला आणखी एक युक्ती चालते: शेजारशेजारचे दोन काटे टोकाला धरून एकमेकांकडे दाबायचे. थोडे लवले तर फळ पिकायला आलंय.

शेवटी बुडाच्या शिवणीशी नाक न्या. खमंग, गोडसर, भरघोस वास हवा. आंबूस मारत असेल तर सोडा. वासच नसेल तर गर अजून घट्ट.

काट्यावर लक्ष ठेवा

म्हणजे तराजूच्या. भाव सालीसकट किलोवर असतो आणि गर जेमतेम चौथाई ते तिसरा हिस्सा निघतो. समजा २० डॉलर किलोने दोन किलोचं फळ घेतलंत. चाळीस डॉलरमध्ये हाती येतो साधारण अर्धा-पाऊण किलो गर. हे गणित आधी करा. भाव किलोचा की नगाचा, हेही विचारून घ्या.

दुसरं म्हणजे वजन केलेलंच फळ उघडलं जातंय ना, हे पाहा. एकदा मी फोनवर बोलत राहिले आणि निवडलेल्या फळाऐवजी दुसऱ्याच फळाची डबी घरी आणली. मुसांग किंगचे पैसे मोजून फिकट, पांढुरका गर! भांडायला परत जायला तोंड नव्हतं, डबी बंद करताना मी बघितलंच नव्हतं.

म्हणून पैसे देण्याआधी उघडायला लावा. विक्रेता सुरीने सालीत छोटी खिडकी पाडून दाखवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गऱ्याचं वरचं पापुद्र्यासारखं आवरण कोरडं, जरा सुरकुतलेलं आणि आत श्रीखंडासारखा मऊपणा, असं असेल तर घ्या. गर पाणचट किंवा टणक निघाला तर फळ बदलून मागा. चांगले ठेलेवाले कुरकुर न करता बदलतात. उघडल्यावर कच्चा गर पिकत नाही, "घरी ठेवा, होईल" हे ऐकू नका.

खाणं आणि नेणं

ठेल्याशेजारच्या टेबलावर बसून खाणं उत्तम. सिंगापूरच्या मेट्रोत ड्युरियन नेता येत नाही, बहुतेक हॉटेलांतही बंदी असते. घरी न्यायचाच तर गर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून टॅक्सीवाल्याला आधी विचारा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, फ्रीझरमध्ये बरेच आठवडे. फळ गोड आणि जड आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून एखादाच गरा खावा. दारूसोबत तर खाऊच नये.

बिया फणसाच्या आठळ्यांसारख्या उकडून खाता येतात, कच्च्या नाहीत. आणि हाताचा वास साबणाने जात नाही असं वाटलं तर इथल्या लोकांचा उपाय करून बघा: रिकाम्या सालीच्या आतल्या खोलगट भागात पाणी ओतायचं आणि त्यात बोटं धुवायची.